डासांची ओळख : अळीवरून आणि प्रौढावरून

कपाशीवर मावा आहे की बोंडअळी, हे पाहिल्याशिवाय जाणता शेतकरी फवारणीचा पंप पाठीवर घेत नाही. रस शोषणाऱ्या किडीचा उपाय वेगळा आणि बोंड पोखरणाऱ्या अळीचा वेगळा, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. डासांच्या बाबतीत मात्र हा विचार सहसा केला जात नाही. डास वाढले की गटाराला दोष दिला जातो, ग्रामपंचायतीकडे धूरफवारणीची मागणी होते, दोन दिवस बरे वाटते आणि तापाचा रुग्ण घरात निघायचा तो निघतोच. कारण गावात आणि शिवारात एकाच जातीचे डास नसतात. प्रत्येक जातीची पाण्याची जागा वेगळी, चावण्याची वेळ वेगळी आणि तिच्यामुळे पसरणारा रोगही वेगळा असतो. डेंगीचा मुख्य डास गटाराच्या घाण पाण्यात वाढत नाही. तो आपल्याच अंगणातील रांजणात आणि औषध कालवण्याच्या पिंपात वाढतो.

ऐन लावणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत घरातील कर्ता माणूस आठ-पंधरा दिवस अंथरुणाला खिळला, तर काय होते हे शेतकऱ्याला सांगावयास नको. सन २००६ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली, त्या वेळी सांधेदुखीमुळे कित्येकांना महिनोन्‌महिने खुरपे धरता आले नाही. राज्यातील झिका रोगाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये आढळला, तोही एखाद्या महानगरात नव्हे तर पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी. तेव्हा डासांचे रोग हा शहराचाच प्रश्न आहे, असे आता म्हणता येणार नाही. डास कोणता हे ओळखता आले, तर कोणत्या पाण्याकडे लक्ष द्यावयाचे हे कळते. ही ओळख अवघड नाही. पिकावरील कोळी आणि फुलकिडे पाहण्यासाठी वापरले जाणारे दहा पट मोठे दाखविणारे भिंग त्यासाठी पुरेसे आहे.

ओळखीचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. डासांमार्फत हिवताप पसरतो काय, याचा शोध रोनाल्ड रॉस हे भारतात घेत होते. सुरुवातीला दीर्घ काळ त्यांनी जे डास तपासले, ते हिवतापाचे नव्हतेच, त्यामुळे हाती काही लागले नाही. शेवटी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे ठिपकेदार पंखांचा डास तपासताना त्याच्या पोटात त्यांना हिवतापाचे परोपजीवी दिसले. पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पंखांवरील ते ठिपके आजही आपल्याला हिवतापाचा डास ओळखण्यास उपयोगी पडतात.

जीवनक्रम

डासाच्या अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. त्यांपैकी अळी व कोष या अवस्था पाण्यातच पार पडतात. अळी चार वेळा कात टाकते आणि चौथ्या कातेला कोषात जाते. कोष स्वल्पविरामाच्या आकाराचा असतो. तो काही खात नाही, परंतु धक्का लागताच गिरक्या घेत खाली जातो. सुमारे दोन दिवसांत कोषातून डास बाहेर पडतो. उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे ७ ते १० दिवस लागतात. पाणी साठविण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करावीत, अशी जी शिफारस केली जाते, तिचा आधार हाच हिशेब आहे.

अंड्यांवरूनही डासाचा गट कळू शकतो. क्युलेक्स गटातील मादी शे-दीडशे किंवा त्याहूनही अधिक अंडी एकमेकांना उभी चिकटवून पाण्यावर लहानसा तराफा तयार करते. काजळीच्या ठिपक्याएवढा हा तराफा नुसत्या डोळ्यांना दिसतो. अ‍ॅनॉफेलिसची अंडी सुटी व होडीच्या आकाराची असून पाण्यावर तरंगतात. एडिसची मादी मात्र भांड्याच्या आतील ओलसर कडेला, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, एकेक काळे अंडे चिकटविते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढताच फुटतात. म्हणूनच रांजण नुसता उपडा करून भागत नाही, तर आतील कडा काथ्याने किंवा ब्रशने घासावी लागते.

नमुना कसा घ्यावा

एक पांढरे ओगराळे किंवा वाडगा, एक पांढरी बशी, काचेची बरणी, जुने मलमल आणि भिंग एवढे साहित्य घ्यावे. पाण्याजवळ जाताना आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, कारण सावली पडताच अळ्या तळाशी जातात. ओगराळे तिरपे धरून कडेच्या गवताजवळ व शेवाळाजवळ हलकेच बुडवावे. एकाच जागी न थांबता आठ-दहा ठिकाणी नमुना घ्यावा. रांजण व पिंप यांमधील पाणी टॉर्चने पाहावे आणि तळाचे पाणीही काढून बघावे. नमुना बशीत ओतून दोन-तीन मिनिटे स्थिर ठेवावा. अळ्या श्वास घेण्यासाठी वर येतात, तीच ओळखण्याची वेळ.

बशीत दिसणारी प्रत्येक वळवळ डासाची नसते. टाकीच्या गाळात लाल रंगाच्या बारीक अळ्या सापडतात, त्या न चावणाऱ्या चिलटवर्गीय माशीच्या असतात. त्यांचा छातीचा भाग फुगीर नसतो. डासाच्या अळीचे डोके, त्याहून रुंद छाती आणि पुढे निमुळते पोट असे तीन भाग स्पष्ट दिसतात आणि तिला पाय नसतात.

अळीवरून ओळख

पहिली गोष्ट पाहावयाची ती अळीची पाण्यातील ठेवण.

अ‍ॅनॉफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. तिला श्वसननलिका नसते. पोटाच्या वरच्या बाजूस पंख्यासारखे बारीक केस असतात आणि त्यांच्या आधारे ती पृष्ठभागाला चिकटून राहते. धक्का लागल्यास ती झटके देत पृष्ठभागावरूनच बाजूला सरकते.

क्युलेक्स आणि एडिस यांच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या किंवा जवळजवळ उभ्या लोंबतात. शेपटीकडे एक नळी असते, तिचे टोक पाण्याच्या वर काढून त्या श्वास घेतात. या दोहोंतील फरक नळीवरून करावा. क्युलेक्सची नळी लांब व सडपातळ असून तिच्यावर केसांचे अनेक झुपके असतात. एडिसची नळी आखूड, जाड व गडद रंगाची असून तिच्यावर केसांच्या झुपक्याची एकच जोडी असते. एडिसची अळी सापासारखी नागमोडी पोहते, उजेडाला बुजते आणि बराच वेळ तळाशी चरत राहते. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला रांजण स्वच्छ वाटतो.

एडिसमध्येही आपल्याकडे दोन जाती महत्त्वाच्या आहेत : एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस. त्यांच्या अळ्या साध्या भिंगाखाली सारख्याच दिसतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक उपलब्ध असल्यास पोटाच्या आठव्या वलयावरील काट्यांची रांग पाहावी. इजिप्तीमध्ये प्रत्येक काट्याला मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना ठळक उपकाटे असतात, त्यामुळे तो त्रिशूळासारखा दिसतो. अल्बोपिक्टसमध्ये तो बाभळीच्या काट्यासारखा सरळ व एकटा असतो.

अळी कोणत्या जातीची याबद्दल शंका राहिली, तर कोष झालेल्या अळ्या त्याच पाण्यासह बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधावे. दोन-तीन दिवसांत डास निघतील. ते बरणीसह थोडा वेळ बर्फाच्या कप्प्यात ठेवून मारावेत आणि पांढऱ्या कागदावर घेऊन पाहावेत. उरलेले पाणी गटारात न ओतता तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओतावे.

प्रौढावरून ओळख

प्रथम नर की मादी ते पाहावे. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात, तर मादीच्या मिशांवर विरळ केस असतात. नर चावत नाही. अंडी पोसण्यासाठी रक्त लागते ते मादीलाच. त्यामुळे पुढील लक्षणे मादीची आहेत.

मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक काड्या असतात, त्यांना मुखस्पर्शिका म्हणतात. अ‍ॅनॉफेलिसमध्ये त्या सोंडेइतक्याच लांब असतात, म्हणून भिंगाखाली डोक्यापुढे तीन काड्या दिसतात. क्युलेक्स व एडिसमध्ये त्या अगदी आखूड असल्याने एकटी सोंडच उठून दिसते. अ‍ॅनॉफेलिसच्या पंखांवर काळे-पांढरे ठिपके असतात आणि भिंतीवर बसताना तो डोके खाली, शेपूट वर असा तिरपा बसतो. क्युलेक्स व एडिस भिंतीला समांतर बसतात.

मात्र बसण्याच्या ढबीवर पूर्ण विसंबू नये. ग्रामीण भागातील हिवतापाचा प्रमुख डास अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफेसिस हा आहे. त्याच्या नावाचा अर्थच 'क्युलेक्ससारखा दिसणारा' असा होतो आणि तो इतर अ‍ॅनॉफेलिसइतका तिरपा बसत नाही. गोठ्याच्या भिंतीवर असा डास दिसल्यास मुखस्पर्शिका व पंखांवरील ठिपके पाहूनच निर्णय घ्यावा.

अ‍ॅनॉफेलिस स्टिफेन्सी हा दुसरा महत्त्वाचा डास विहिरी आणि छतावरील टाक्यांमध्ये वाढतो. त्याच्या पायांवर व मुखस्पर्शिकांवर पांढरे शिंतोडे उडविल्यासारखे दिसतात. क्युलिसिफेसिसचे पाय साधे असतात.

एडिस इजिप्ती काळा असून पायांवर पांढरे पट्टे असतात. छातीच्या वरच्या बाजूस दोन्ही कडांना चंदेरी वक्र रेषा आणि मध्ये दोन बारीक सरळ रेषा असतात, त्या मिळून तंतुवाद्याच्या चौकटीसारखी आकृती दिसते. एडिस अल्बोपिक्टसच्या छातीवर मधोमध एकच ठळक चंदेरी रेष असते. दोन्ही दिवसा चावतात, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. एडिसच्या मादीच्या पोटाचे टोक अणकुचीदार असते, क्युलेक्सचे बोथट असते.

क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस हा तपकिरी डास रात्री चावतो व हत्तीरोगाचा प्रसार करतो. त्याच्या सोंडेवर पट्टा नसतो आणि पायही साधे असतात. धानाच्या बांधीत वाढणारा क्युलेक्स ट्रायटिनिओऱ्हिंकस हा जपानी मेंदूज्वराचा मुख्य प्रसारक आहे. त्याच्या सोंडेच्या मधोमध फिकट पट्टा आणि पायांच्या सांध्यांवर बारीक फिकट वलये असतात. म्हणजे एकाच गटातील घाण पाण्याचा व बांधीचा डास सोंडेवरून वेगळा काढता येतो.

याखेरीज शेणकाल्याच्या खड्ड्याजवळ आकाराने मोठा, काळसर आणि खाली वाकलेल्या सोंडेचा डास दिसतो, तो आर्मिजेरिस. शौचकूप आणि शेणकाला यांसारख्या सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेल्या पाण्यात तो वाढतो. संध्याकाळी त्याचा उपद्रव फार होतो. मोठा आणि काळा दिसला म्हणून त्याला डेंगीचा डास समजू नये.

थोडक्यात ओळखतालिका

१. अळी पाण्यात आडवी, नळी नाही – अ‍ॅनॉफेलिस. अळी लोंबती, नळी आहे – क्रमांक २ पाहावा.

२. नळी लांब व सडपातळ – क्युलेक्स. नळी आखूड – क्रमांक ३ पाहावा.

३. साधे साठविलेले पाणी, नळी गडद व जाड, अळीची चाल नागमोडी – एडिस. शेणकाला किंवा मैल्याचे पाणी, अळी मोठी – आर्मिजेरिस.

४. प्रौढ मादीच्या मुखस्पर्शिका सोंडेइतक्या लांब, पंख ठिपकेदार – अ‍ॅनॉफेलिस. मुखस्पर्शिका आखूड – क्रमांक ५ पाहावा.

५. रंग काळा, पायांवर पांढरे पट्टे, छातीवर चंदेरी रेषा – एडिस. रंग तपकिरी, पोटाचे टोक बोथट – क्युलेक्स. मोठा काळसर डास, सोंड खाली वाकलेली – आर्मिजेरिस.

ओळख पटल्यावर काय करावे

एडिस आढळल्यास लक्ष घर, गोठा, खळे आणि रोपवाटिका यांवर द्यावे. हा डास सहसा जन्मस्थानापासून शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे आपल्या घरात चावणारा डास बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या भांड्यातून आलेला असतो. रांजण, पिंप, जनावरांना पाणी पाजण्याचे हौद, औषध कालवण्याची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावी व वाळवावी. जुने टायर, फुटके माठ, नारळाच्या करवंट्या, रोपांच्या रिकाम्या कुंड्या यांची विल्हेवाट लावावी. रिकामी करता न येणारी टाकी घट्ट झाकावी. कोकणातील बागायतदारांनी अल्बोपिक्टसकडे लक्ष द्यावे. हा डास झाडांच्या ढोल्या, कापलेल्या बांबूचे बुंधे, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या आणि रबराचा चीक गोळा करण्याच्या वाट्या यांत साचलेल्या पाण्यात वाढतो. विऱ्या व करवंट्या गोळा करून कोरड्या जागी ठेवाव्यात आणि हंगाम संपल्यावर वाट्या उपड्या कराव्यात.

अ‍ॅनॉफेलिस आढळल्यास शिवारातील पाणी तपासावे. पाटाच्या गळतीचे डबके, कालव्याकडेचे खड्डे, ओढ्यातील संथ पाणी, शेततळ्याचे गवताळ काठ आणि पडक्या विहिरी या त्याच्या जागा होत. गळती बंद करावी, खड्डे बुजवावेत, तळ्याच्या काठचे गवत व शेवाळ काढावे. शेततळे, विहीर व हौद यांत गप्पी मासे सोडावेत. ते आरोग्य विभागाकडून मिळतात. हे मासे मूळचे आपल्याकडील नसल्याने नदी-ओढ्यात मात्र सोडू नयेत.

धानाच्या खाचरात अ‍ॅनॉफेलिस आणि क्युलेक्स या दोहोंच्या अळ्यांचे प्रमाण लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अधिक असते. पीक उंच होऊन पाण्यावर दाट सावली पडू लागली की ते कमी होते. तेव्हा रोपे जीव धरल्यावर, साधारणतः लावणीनंतर दोन आठवड्यांनी, आलटून पालटून पाणी देण्याची पद्धत अवलंबावी. पाणी जमिनीत मुरू द्यावे आणि मगच पुन्हा द्यावे. फुलोऱ्याच्या काळात मात्र ताण देऊ नये, त्या वेळी खाचरात सुमारे ५ सेंटिमीटर पाणी ठेवावे. एकट्याच्या खाचराने फारसा उपयोग होत नाही, एका पाटावरील सर्वांनी मिळून पाळी ठरवावी. यात पाण्याचीही बचत होते.

बांधीतील क्युलेक्स आढळल्यास डुकरांचे खुराडे वस्तीपासून दूर ठेवावे, कारण मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत व बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत वाढतो आणि तेथून डासामार्फत माणसात येतो. पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात या रोगाची नोंद असल्याने तेथील पालकांनी मुलांचे लसीकरण चुकवू नये.

घाण पाण्यातील क्युलेक्स व आर्मिजेरिस आढळल्यास गटार वाहते ठेवावे, सांडपाण्यासाठी शोषखड्डा घ्यावा आणि शौचकुपाच्या वायुनळीला जाळी बांधावी. गोबरगॅसच्या शेणकाल्याचा खड्डा उघडा न ठेवता काला कंपोस्टात मुरवावा.

दोन चुका टाळाव्यात

पहिली चूक म्हणजे पिकासाठी आणलेले कीटकनाशक डबक्यात किंवा हौदात ओतणे. त्याने माणूस, जनावर व मासे यांना विषबाधेचा धोका असतो. शिवाय चतुराच्या अळ्या आणि पाणढेकूण असे डासांच्या अळ्या खाणारे मित्रकीटक मरतात व काही दिवसांनी अळ्या पुन्हा वाढतात. त्याच त्या औषधांच्या वापराने डासांत प्रतिकारशक्ती येते. क्युलिसिफेसिसने डीडीटी व मॅलॅथिऑन या दोहोंना दाद देणे केव्हाच सोडले आहे. पाण्यात टाकावयाचे अळीनाशक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातूनच टाकून घ्यावे.

दुसरी चूक बीटी या नावामुळे होते. भाजीपाल्यावरील अळ्यांसाठी वापरले जाणारे बीटी हे कुर्स्टाकी उपजातीचे असते. ते डासांच्या अळ्यांवर चालत नाही. डासांसाठी इस्राएलेन्सिस ही वेगळी उपजाती असते. अळीने ती खाल्ली तरच परिणाम होतो, म्हणून कोष अवस्थेवर तिचा उपयोग होत नाही. खरेदी करताना वेष्टनावरील उपजातीचे नाव वाचावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, जून ते नोव्हेंबर या काळात आठवड्यातील एक दिवस ठरवून घ्यावा. घरातील शाळकरी मुलांच्या हाती ओगराळे, बशी व भिंग द्यावे आणि घर, गोठा व विहीर या क्रमाने पाणी तपासून कोणती अळी कोठे सापडली हे वहीत लिहून ठेवावे. तीन-चार आठवड्यांत आपल्या घराचे पाणी कोठे दुखते हे ती वहीच सांगेल. तीच वही गावातील आशा कार्यकर्ती व आरोग्य सेवकाला दाखवावी, म्हणजे त्यांचे औषध व श्रम योग्य पाण्यावर खर्च होतील. घरात कोणास ताप आल्यास मात्र डास कोणता होता याचा विचार करीत न बसता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.